आपल्या घरीं, आपल्यापुरतें

एखादी वस्तु मनुष्य आपल्या घरीं, आपल्या हातांनीं, कांहींएक भेसळ न करितां तयार करितो. ती तो विकीत नाहीं, कोणास देत नाहीं, आपणच सेवन करितो. तर मग त्यांत दोष तो कोणता? हा प्रश्न चिमूरच्या आसपासच्या खेड्यांत नवा नाहीं. मोहाच्या दारूविषयीं तो आमच्या वाडवडिलांनीं ऐकिला आहे, आणि गांवोगांवच्या उपदेशकांस त्याचें उत्तर देतां देतां पुष्कळदां कुंठित व्हावें लागलें आहे. आतां तोच प्रश्न गांजासंबंधानें जगांत विचारला जात आहे, आणि दूरदेशच्या गोष्टी आमच्या तरुणांच्या कानीं पडण्यास आजकाल वेळ लागत नाहीं. म्हणून त्याचा शांतपणें विचार करावा असें आम्हांस वाटतें.

प्रथम वस्तुस्थिति सांगतों. आमच्या रानांत धावड्याच्या सालीवर डिंक येतो, तसा गांजाच्या मादी झाडाच्या फुलोऱ्यावर बारीक लवेच्या टोंकांशीं चिकट राळ येते. झाडाची सारी मादक शक्ति बहुतेक त्या राळेंतच असते. ही राळ वेगळी काढून तिचा चरस करण्याची रीत हिमालयाकडे फार जुनी आहे. परदेशांत ती ज्वालाग्राही वायूच्या साह्यानें काढूं लागले, तेव्हां घरांत स्फोट होऊन माणसें भाजलीं. पुढें सन २०१५ च्या सुमारास अमेरिकेंत फुलोरा दोन तापलेल्या पट्ट्यांमध्यें दाबून राळ पिळून काढण्याची युक्ति पसरली. प्रारंभीं लोक केस सरळ करण्याचा चिमटा वापरीत. नंतर त्यासाठीं दाबयंत्रेंच विकावयास आलीं. अशा राळेस तिकडे ‘रोझिन’ म्हणतात. हींत वायु नाहीं, रसायन नाहीं, केवळ उष्णता व दाब. म्हणून ही शुद्ध, आणि घरीं करण्यास योग्य, असें तिच्या कैवाऱ्यांचें म्हणणें आहे.

ह्या म्हणण्याचे तीन आधार आहेत: वस्तु शुद्ध आहे, घरची आहे, आणि आपल्यापुरती आहे. हेच तीन आधार मोहाची दारू गाळणाराही पुढें करितो. एकेकाचा विचार करूं.

शुद्धतेच्या आधारांत तथ्य आहे हें आधीं कबूल केलें पाहिजे. मुंबईंत मालवणी येथें सन २०१५ च्या जून महिन्यांत मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभराहून अधिक माणसें मेलीं. भेसळ प्राण घेते, तेव्हां भेसळ नसणें बरें, ह्यांत वाद नाहीं. परंतु शुद्ध म्हणजे काय काढून टाकिलेलें, हें पाहिलें पाहिजे. मोहाचें फूल चैत्रांत पहांटे गळतें, आमच्या बायका तें टोपलींत वेंचितात, वाळवितात, आणि धान्य सरलें म्हणजे शिजवून मुलांस घालितात. तें अन्न आहे. तेंच फूल आंबवून चुलीवर चढविलें म्हणजे अन्न खालीं राहतें आणि कैफ तेवढा नळींतून येतो. गांजाचेंही असेंच आहे. फुलोऱ्यांत मादक अंश शेंकडा दहा-वीस असला, तर दाबून काढलेल्या राळेंत तो साठ-सत्तर किंवा अधिकही असतो. दाबयंत्र नवें विष घालीत नाहीं हें खरें. पण जो पाला मादकतेस आवर घालीत होता तो तें काढून टाकितें. यूरोपांतील अनेक शहरें व ब्राझील येथील रुग्णांची पाहणी सन २०१९ मध्यें प्रसिद्ध झाली. तींत, रोज तीव्र गांजा ओढणारांत वेडाचें प्रमाण कधीं न ओढणारांच्या सुमारें पांचपट आढळलें. भेसळ नसल्यानें हा धोका जात नाहीं. शुद्ध केल्यानें वस्तु बलवान होते. निर्दोष होतेच असें नाहीं.

दुसरा आधार, घरची. येथें कायदा काय म्हणतो तें आमच्या वाचकांस ठाऊक असावें. सन १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानें फुलोरा तो गांजा, आणि त्यापासून वेगळी काढलेली राळ, मग ती कच्ची असो कीं शुद्ध केलेली, तो चरस. गांजा एक किलोपर्यंत अल्प समजतात. चरस मात्र १०० ग्रॅमपर्यंतच. म्हणजे जो मनुष्य घरांत बसून फुलोरा दाबितो, तो एका अपराधांतून दुसऱ्या, अधिक जड अपराधांत शिरतो. अपराध घरांत झाला म्हणून तो माफ होत नाहीं. उलट झडती त्याच घराची होते, आणि दाराशीं उभी राहते ती घरधनीण.

तरी केवळ कायद्यावर आमचें म्हणणें टेकवावें असें आम्हांस वाटत नाहीं. चंद्रपूर जिल्ह्यांत दारूबंदी सन २०१५ च्या १ एप्रिलला आली आणि सन २०२१ मध्यें उठली; शेजारच्या गडचिरोलींत ती सन १९९३ पासून आहे. मग एकच पेला दोन जिल्ह्यांच्या शिवेवर पुण्य कीं पाप ठरावयाचा? जी गोष्ट सरकारी हुकुमानें वाईट ठरते, ती दुसऱ्या हुकुमानें चांगली ठरेल. सदसद्विवेकबुद्धीस ह्याहून बळकट आधार पाहिजे.

तो आधार तिसऱ्या मुद्यांत सांपडतो. ‘आपल्यापुरतें’ असें म्हणणारा मनुष्य घरांत एकटा राहतो काय? सन २०१० च्या डिसेंबरांत चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत हजारों स्त्रिया दारूबंदी मागत पायीं चालत गेल्या. त्यांतील पुष्कळींनीं दारूचा थेंबही चाखिला नसेल. नवरा पीत होता तो आपल्यापुरतें. पण उपाशी निजलीं तीं लेंकरें, आणि मार खाल्ला तो बायकोनें. नोहानें द्राक्षमळा आपल्या हातानें लाविला, रस आपल्या तंबूंत प्याला, बाहेरच्या कोणाचें कांहीं घेतलें नाहीं. तरी लज्जा आली ती लेंकांच्या वांट्यास आली, आणि शाप नातवाला लागला, हें आमच्या वाचकांस सांगणें नको. घरीं जें करितात तें मुलें पाहतात, आणि हातचें कसब शब्दांवांचून शिकतात. चुलीखालीं जाळ घालावयास मुलगीच बसते. यंत्राची दांडी दाबावयास उद्यां मुलगाच येईल.

येथें दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, आमचे गोंड शेजारी जन्मास, लग्नास व मरणास मोहाची दारू वाहतात. ते सर्व दोषी काय? आम्ही शेजाऱ्यांचा न्याय करावयास बसलों नाहीं. पण एवढें पाहावें कीं त्या चालीस कांहीं कुंपणें होतीं: प्रसंग ठरलेला, वडील मंडळी समोर, आणि पेला सर्वांत वांटलेला. सन १८९३-९४ मध्यें सरकारनें नेमलेल्या भांग-गांजा चौकशी मंडळानेंही शेंकडों साक्षी घेऊन असें मत दिलें कीं, माफक सेवनानें बहुधा मोठी हानि होत नाहीं, अतिसेवनानें होते. तें मत आम्ही लपवीत नाहीं. परंतु माफकपणा कुंपणांनींच राहतो. एकट्यानें, दार लावून, पाहिजे तेव्हां, पाहिजे तितकें तीव्र करून घेण्यांत पाला गेला, प्रसंग गेला, वडील गेले. उरली ती एकटी इच्छा.

दुसरा आक्षेप औषधाचा. गांजाच्या झाडांतील एक अंश फेफऱ्याच्या कांहीं दुर्धर प्रकारांवर उपयोगी ठरला आहे, आणि सन २०१८ मध्यें अमेरिकेंत त्यापासून केलेल्या औषधास मान्यता मिळाली. दुखणाइताच्या वेदनेची थट्टा करणें निर्दयपणाचें आहे. परंतु औषध तें, ज्याचें माप वैद्य ठरवितो. घरीं दाबलेल्या राळेचें माप तलफ ठरविते.

म्हणून, बंधुभगिनींनो, ही गोष्ट तुमच्यापुढें आली म्हणजे ‘शुद्ध आहे कीं अशुद्ध’ ह्या वादांत फार वेळ घालवूं नका. असें विचारा: ह्या घरांत सर्वांत दुबळें कोण आहे, आणि ही वस्तु घरांत आल्यानें त्याचें काय होईल? तान्हें मूल, म्हातारी सासू, ज्याला एकदां व्यसनानें धरिलें होतें आणि जो नुकताच सुटला आहे असा भाऊ, ह्यांच्याकडे पाहून जो मनुष्य उत्तर देईल त्यास दुसरा उपदेश फारसा लागणार नाहीं. आणि उपदेशकांस आमची विनंति आहे कीं, अशा घरीं पोलिसांचें भय घालीत जाऊं नये. भय शिपाई वळतांच सरतें. त्या घरच्या बाईस व मुलांस आधीं भेटावें, त्यांचें ऐकून घ्यावें, आणि मग घरधन्याशेजारीं बसून प्रेमानें बोलावें.