यमुनेचे दुसरे लग्न



बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी १८५७ सालची. आदल्याच वर्षी विधवाविवाहाचा कायदा झाला होता. प्रवासात यमुना विधवांचे हाल पाहते. पुढे तिचाही पती जातो. ती ख्रिस्ताला स्वीकारते आणि समाजाने निषिद्ध मानलेले दुसरे लग्न करते. पदमनजी प्रॉटेस्टंट होते, तरी हे पुस्तक आपणही वाचावे.

केशवपनाविषयी वाचताना आपण हळहळतो. लग्नाशी मात्र अडखळतो. संत पौल करिंथकरांस लिहितो की पती निवर्तल्यावर स्त्री लग्नाला मोकळी आहे, फक्त ते प्रभूमध्ये व्हावे. पण इथे माकणीत एखाद्या तरुण विधवेच्या स्थळाचा विषय निघाला, की "आता लेकरांकडे बघ" म्हणणारे आपणच असतो.