उचल

बीड जिल्ह्यातल्या माणसाला ‘उचल’ या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. दसरा होतो, दिवाळीच्या पणत्या विझतात न विझतात तोच ऊसतोडीच्या टोळ्या गावातून हलू लागतात. मुकादमाने नवरा-बायकोच्या जोडीच्या, म्हणजे एका ‘कोयत्या’च्या, हातावर आधीच काही रक्कम ठेवलेली असते. ती उचल. लग्नाला, दवाखान्याला, जुन्या देण्याला ती केव्हाच संपलेली असते आणि आता ती फेडण्यासाठी परमुलखातल्या फडात उभे राहावयाचे असते. अजून न केलेल्या कष्टांवर आगाऊ घेतलेला पैसा, असा या शब्दाचा हिशेबी अर्थ आहे. पण ‘उचलणे’ या क्रियापदात दुसराही एक अर्थ आहे. पडलेल्याला हात देऊन उचलावे, थकलेल्या लेकराला खांद्यावर उचलून घ्यावे, हेही उचलणेच. शाळेतल्या मुलांना खेळात ‘पुढच्या पायरीसाठी’ तयार करणाऱ्या शिक्षकाविषयी विचार करू लागलो की हे दोन्ही अर्थ माझ्यापुढे शेजारी शेजारी येऊन उभे राहतात. हा माणूस पोराला उचलतो आहे, की पोरावर उचल घेतो आहे?

ज्याला या भागातले लोक ‘धाकटी पंढरी’ म्हणतात त्या नारायणगडाच्या आसपासच्या एखाद्या हायस्कुलाचे मैदान डोळ्यांपुढे आणा. मुरमाड जमीन, दोन बांबूंचा गोल, एक फुटबॉल आणि वीस पोरे. शिक्षकाला त्यातल्या एकाच्या पायात काही वेगळे दिसते. आता त्याच्यापुढे एक शिडी आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा तिच्या पायऱ्या आहेत. 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे तिचे कप्पे आहेत. वर चढत गेले तर दहावी-बारावीत सवलतीचे गुण आहेत आणि पुढे शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. पण स्पर्धांचा हंगाम आणि उसाचा हंगाम एकमेकांच्या अंगावर येतात. आईबाप निघाले की पोराने कोठे राहावयाचे? शिक्षक म्हणतो, “माझ्याकडे ठेवा, मी पाहतो.” बाप म्हणतो, “सर, पोरगं तुमच्या हवाली.” कागद होत नाही, अंगठा उठत नाही, पण त्या क्षणी एक मोठा व्यवहार झालेला असतो. नैतिक प्रश्न सुरू होतो तो येथे.

कोणी म्हणेल, यात प्रश्न तो कसला? ज्याच्या घरी चार वाटा आहेत त्याच्या मुलाने खेळ हौसेने खेळावा. ज्याच्या घरी एकच वाट आहे, आणि तीही फडाकडे जाणारी, त्याच्या मुलाला खेळ हा एकच दरवाजा असेल तर तो लाथ मारून उघडलाच पाहिजे. हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. शहरातल्या दिवाणखान्यात बसून ‘खेळ खेळासाठी’ असे म्हणणे सोपे आहे. कोयत्यावरच्या बापाची आशा हा काही लोभ नव्हे. पण या युक्तिवादातून जे निष्पन्न होते ते म्हणणाराच्या ध्यानात येत नाही. ज्याच्याजवळ एकच पोर आणि एकच वाट आहे त्याच्या वतीने डाव खेळणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही, ती वाढते. श्रीमंताच्या मुलाचे एक वर्ष वाया गेले तर वर्ष जाते. या मुलाचे गेले तर बहुधा शाळाच जाते.

बरे, लवकर हेरून लवकर घडवावे हाच राजमार्ग आहे, असेही या जिल्ह्याला म्हणता येत नाही. पाटोद्याचा राहुल आवारे कोवळ्या वयात पुण्याला हरिश्चंद्र बिराजदारांच्या तालमीत गेला, वस्तादांच्या नजरेखाली वाढला आणि 2018 साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलो गटाचे सुवर्णपदक घेऊन आला; पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळवले. त्याच जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला, मांडव्याचा अविनाश साबळे मात्र विसाव्या वर्षापर्यंत शर्यतींच्या जगात नव्हताच. तो सैन्यात गेला, सियाचीनच्या बर्फात आणि राजस्थानच्या वाळूत त्याने नोकरी केली, आणि 2015 नंतर धावपटू म्हणून पुढे आला. 2018 साली त्याने 3000 मीटर स्टीपलचेसचा 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. 2022 साली बर्मिंगहॅमला तो 8 मिनिटे 11.20 सेकंदांत धावला आणि सुवर्णपदक अवघ्या 5 शतांश सेकंदांनी हुकले. 1998 पासून या शर्यतीची राष्ट्रकुलातली सारी पदके केनियाकडे जात होती. 2023 साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याला सुवर्णपदक मिळाले. एक मुलगा लहानपणीच वस्तादाच्या हाती पडला, दुसरा वयात आल्यावर प्रशिक्षकाला भेटला, दोघेही पोहोचले. तेव्हा ‘आत्ताच नाही तर कधीच नाही’ हे जे वाक्य आपण चौदा वर्षांच्या पोराच्या कानात ओततो, ते खरे असतेच असे नाही. पुष्कळदा ते त्याच्या घाईचे नसून आपल्या घाईचे असते.

या घाईतून मग कायकाय होते पाहा. आपल्याकडे गावोगाव 1 जूनला जन्मलेल्या माणसांची संख्या अफाट आहे. शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी 1 जून लिहून मोकळे होत, आणि त्यामुळे दरसाल त्या एका दिवशी निम्मे गाव एकदम वर्षाने मोठे होते. हे भोळेपण होते, त्यावर हसावे. पण चौदाच्या संघात सोळाचा मुलगा बसावा म्हणून जी तारीख बदलली जाते तिच्यात भोळेपण नाही. जागतिक फुटबॉल महासंघाला 17 वर्षांखालील विश्वचषकात 2009 पासून मुलांच्या मनगटाचे एमआरआय काढून वय तपासावे लागते, यावरून हा रोग केवढा पसरला होता ते कळावे. या खोट्या तारखेने खऱ्या चौदाच्या मुलाची जागा जाते, हे तर उघडच आहे. पण जिची तारीख बदलली त्या मुलालाही पहिला धडा मिळतो तो असा, की वर चढावयाचे तर आपण जो आहोत तो असून चालत नाही. हा धडा त्याला ज्याने दिला त्यालाच तो ‘सर’ म्हणत असतो.

दुसरी गोष्ट गुडघ्याची. वाढत्या वयात हाडांच्या टोकाशी कूर्चा मऊ असते; सतत धावणाऱ्या आणि चेंडूला लाथ मारणाऱ्या मुलांचा गुडघ्याच्या वाटीखालचा भाग दुखू लागतो, सुजतो. त्यावर मुख्य औषध म्हणजे धावपळ कमी करणे. पण उपांत्य सामना शनिवारी असतो. पोराला विचारले तर ते “दुखत नाही” म्हणणार, कारण संघातून बाहेर बसण्याचे दुःख त्याला गुडघ्याहून मोठे. अशा वेळी “तो स्वतःच म्हणाला” ही सबब प्रौढ माणसाला शोभत नाही. मुलाचा होकार म्हणजे त्याची संमती नव्हे, तो त्याचा विश्वास असतो; आणि विश्वासावर उचल काढणे सर्वांत सोपे असते.

तिसरी गोष्ट शिडीच्या आकाराची. ती वर निमुळती होत जाते, याला कोणाचा इलाज नाही. 2017 साली 17 वर्षांखालील मुलांचा विश्वचषक आपल्या देशात भरला. देश धुंडाळून शेवटी 21 मुलांचा संघ उभा राहिला. कोल्हापूरच्या एका रिक्षाचालकाचा मुलगा, अनिकेत जाधव, त्यात होता, याचा महाराष्ट्राला आनंद झाला आणि तो व्हावाच. पण 21 हा आकडा लिहिताना हाताला जाणवते, की चाचण्यांतून परत गेलेल्यांचा आकडा कोणी पाठ केलेला नाही. इंग्लंडमधले मोठे क्लब नऊ वर्षांखालच्या मुलांनाही आपल्या अकादमीत घेतात. पुढे ज्यांना कमी करावयाचे त्या मुलांचे शिक्षण, मन, उदरनिर्वाह यांची काही व्यवस्था पाहिली पाहिजे, हे तिथेही फार उशिरा उमगले. जिथे पैसा आहे तिथली ही कथा; जिथे दोन बांबूंचा गोल आहे तिथे न निवडलेल्या मुलाला घरापर्यंत सोबत करणारे कोण?

द्रोणाचार्यांना आपण एकलव्याचा अंगठा घेतल्याबद्दल दोष देतो. पण त्या गोष्टीतला खरा अन्याय हिशेबाच्या भाषेत सांगता येतो: जी विद्या दिलीच नव्हती तिची ती वसुली होती. आणि ती कशासाठी? तर एका निवडलेल्या शिष्याची पायरी निर्वेध राहावी यासाठी.

याच्या नेमकी उलट गोष्ट आपल्याच मुलखात घडलेली आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीला निघाले तेव्हा पैसा पुरेना. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ही गोष्ट आपण पदकासाठी सांगतो. मला तिचे मर्म गहाणखतात दिसते. खाशाबा हरून आले असते तर काय गेले असते? प्राचार्यांचे घर. शिष्याचे काही गेले नसते. उचल घेतली होती, पण ती गुरूने स्वतःवर घेतली होती.

या विषयात मला एवढेच एक म्हणावयाचे आहे. मुलाला पुढे ढकलावे की ढकलू नये, लवकर की उशिरा, फुटबॉल की कुस्ती, यांची उत्तरे मुलागणिक वेगळी असतील. पण प्रत्येक वेळी एक प्रश्न विचारता येतो: डाव फसला तर पणाला काय लागले आहे, आणि ते कोणाचे आहे? मुलाचा गुडघा, त्याची दहावी, त्याचा प्रामाणिकपणा पणाला लागत असेल आणि शिक्षकाच्या वाट्याला भिंतीवरची ढाल येत असेल, तर ती उचल आहे. शिक्षकाची संध्याकाळ, त्याच्या खिशातले चार पैसे, प्रसंगी “हा मुलगा आज खेळणार नाही” असे म्हणून हरण्याची त्याची तयारी पणाला लागत असेल, तर ते उचलणे आहे. प्रत्येकाजवळ गहाण टाकावयास घर नसते. पण हरण्याची तयारी प्रत्येकाला परवडते.

आणि वर न गेलेल्यांचे काय? कोल्हापुरात फुटबॉलच्या संघांची नावे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम अशी आहेत. कुस्तीच्या तालमींनीच तिथे चेंडू जवळ केला. म्हणून तिथला जो मुलगा राज्याच्या संघात गेला नाही तो शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेसाठी खेळतो, आणि त्याची पेठ त्याला पाहावयास येते. त्याची शिडी संपली, खेळ संपला नाही. आमच्या डोंगरपट्ट्यात अशी पेठ नाही, तशी तालीम नाही. येथे ती जागा शाळेच्या शिक्षकालाच भरून काढावी लागते. नारायणगडाच्या वाटेने दिंडी निघते तेव्हा तीत पुढचा-मागचा असतो, पण पहिला-दुसरा नसतो, आणि मागे राहिलेल्यासाठी कोणीतरी चाल मंद करतो. स्पर्धेला हा नियम लावता येणार नाही, हे मला कळते. पण मैदानाला लावता येईल. उन्हाळ्यात टोळ्या परत येतात, हिशेब होतात, कोणाची उचल फिटते, कोणाची अंगावर राहते. त्या दिवसांत संध्याकाळी शाळेच्या मैदानावर न निवडलेली पोरेही चेंडूमागे धावताना दिसली, तर त्या शिक्षकाने कोणाचे काही बाकी ठेवले नाही, असे खुशाल समजावे.