इंद्राची शंका आणि माझी

अपेंडिक्स फुटलं असतं तर मला हा प्रश्न पडलाच नसता. पोट उघडल्याशिवाय माणूस वाचत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं की भुलीला भ्यायला उसंतच राहत नाही. माझ्या शस्त्रक्रियेचं तसं नव्हतं. ती केली नसती तरी काही बिघडणार नव्हतं. श्वास नीट चालत होता, दुखत काही नव्हतं. मला माझं वाकडं नाक सरळ करून हवं होतं, एवढंच. आणि त्यासाठी काही तास स्वतःला पूर्ण विझवून घ्यायचं होतं.

ज्याची गरज नाही त्यासाठी असं करावं का, आणि करायचं ठरवलं तर त्या भीतीचं काय करावं? लोकांनी मला दोन्ही बाजूंनी देवाचं नाव घेऊन गप्प केलं. म्हणून धर्माच्याच वाटेनं हा विचार नीट करून पाहावा असं मला वाटलं.

काष्टीचा शनिवारचा बैलबाजार साऱ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. लहानपणी वडिलांबरोबर मी त्या बाजारात जायची. दलाल रुमालाखाली बोटं धरून सौदा करायचे आणि आकडा किती ठरला ते शेजारी उभ्या माणसालाही कळायचं नाही. अशाच एका शनिवारी एक खिलारी खोंड बुजला आणि त्याच्या शिंगानं माझं नाक ओठापर्यंत फाटलं. टाके पडले, जखम भरली, पण नाक एका बाजूला कललं ते कललंच. पुढं शिक्षण झालं, नोकरी लागली, लग्न झालं. माझं कुठंच काही अडलं नाही, हे मी मुद्दाम सांगते. पण दरवर्षी पहिलीच्या वर्गातलं एखादं लेकरू पहिल्याच दिवशी विचारतं, "बाई, तुमच्या नाकाला काय झालं?" आणि आरशात पाहताना मला माझ्या चेहऱ्याआधी तो खोंड दिसतो. पगारातून साठवलेले पैसे होते. मी ठरवलं.

सासूबाई म्हणाल्या, "देवानं दिलेलं रूप बदलायचं कशाला?" त्यांना मी म्हणाले, "आई, हे देवानं दिलेलं नाही, खोंडानं दिलेलं आहे." त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. दुसरं वाक्य मात्र मला जास्त लागलं, आणि ते माझ्या बाजूच्या माणसांचं होतं: "देवावर भरवसा आहे ना? मग घाबरतेस कशाला?" म्हणजे भीती वाटली की श्रद्धा कमी पडली. हे मला तेव्हाही पटलं नाही, आज तर मुळीच पटत नाही.

सुरीची मला भीती नव्हती. भीती होती ती 'मी' नसण्याची. झोपेत माणूस थोडा जागा असतो, लेकरू कण्हलं की आई उठते. भुलीत ती राखणही सुटते. नळी घशात असते, श्वास यंत्र देतं, आणि हे सगळं ज्याच्यासाठी चाललंय तो तिथं नसतो. शिवाय कारण काय, तर नाक. मुलगा आठवीत आहे. नाकासाठी गेलेली आई परत आली नाही तर तो काय म्हणेल, हा विचार रात्री दोन वाजता यायचा.

ही भीती निराधारही नाही. 1848 च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर नावाची 15 वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिल्यावर दगावली. क्लोरोफॉर्म वापरात येऊन तेव्हा जेमतेम काही महिने झाले होते. आजची गोष्ट फार वेगळी आहे. निरोगी माणसाच्या आधी ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत निव्वळ भुलीमुळे मृत्यू येण्याचं प्रमाण प्रगत देशांत लाखात एकाच्या आसपास धरतात. मधेच जाग येईल का, ही भीती तर पुष्कळांना असते. त्यावर ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये मोठी पाहणी झाली. 2014 साली तिचा अहवाल आला, आणि तशी तक्रार करणारे रुग्ण सुमारे 19,000 मध्ये एक निघाले. हे आकडे मी वहीत लिहून ठेवले होते. पण भीती आकड्यानं जात नाही. लाखातला तो एक कोण, हे आकडा सांगत नाही.

मला आधार सापडला तो छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात. आत्मा जाणून घ्यायला देवांकडून इंद्र आणि असुरांकडून विरोचन प्रजापतीकडे जातात आणि 32 वर्षं तिथं राहतात. प्रजापती त्यांना सांगतो की उंची वस्त्रं नेसा, दागिने घाला, सजा आणि पाण्यात पाहा. दोघांना आपापली सजलेली रूपं दिसतात. विरोचन खूश होऊन परततो आणि देह हाच आत्मा, त्यालाच सजवा, असं असुरांना शिकवतो. इंद्र मात्र अर्ध्या वाटेवर थबकतो. देह सजला की हा सजतो, देह आंधळा झाला की हा आंधळा होतो, मग यात माझं भलं काय? तो मागं फिरतो. पुन्हा 32 वर्षं राहतो, मग स्वप्नातला आत्मा कळतो, तोही पटत नाही. आणखी 32 वर्षं. आता प्रजापती गाढ झोपेतल्या आत्म्याबद्दल सांगतो, आणि तिथं इंद्र खरा हादरतो. या अवस्थेत माणसाला 'हा मी' एवढंही कळत नाही. तो जणू नाहीसाच होतो. यात मला काही भलं दिसत नाही, असं तो गुरूला तोंडावर सांगतो.

माझी भीती अक्षरशः हीच होती. आणि ती देवांच्या राजानं बोलून दाखवली होती.

त्याहून मोलाचं वाटलं ते प्रजापतीचं वागणं. तो इंद्राला भित्रा म्हणत नाही. श्रद्धा ठेव, असंही सांगत नाही. तुझं म्हणणं बरोबर आहे असं मान्य करतो आणि आणखी 5 वर्षं राहा म्हणतो. सगळी मिळून 101 वर्षं. शेवटचं ज्ञान मिळालं ते घाबरून परत आलेल्याला. ज्याला शंकाच आली नाही तो विरोचन आरशातच राहिला. ज्या धर्मग्रंथात भीतीला एवढा मान आहे, त्याच धर्माचं नाव घेऊन आपण एकमेकांची तोंडं का बंद करतो?

गाढ झोपेवर पुढं आपल्याकडे मोठा वाद झाला. वेदान्ती म्हणतात की उठल्यावर माणूस 'छान झोपलो, काही कळलं नाही' असं सांगतो, म्हणजे तेव्हाही कुणीतरी साक्षी होता, नाहीतर हे आठवलं कुणाला? नैयायिक म्हणतात, ही आठवण नव्हेच, उठल्यावर केलेलं अनुमान आहे. शस्त्रक्रियेआधी मी वेदान्त्यांच्या बाजूची होते. नंतर मला जे वाटलं ते प्रामाणिकपणे लिहिते: मला 'छान झोपले' असंही म्हणता आलं नाही. पांढरं, दुधासारखं औषध हातात शिरताना पाहिलं आणि लगेच कुणीतरी नावानं हाक मारत होतं. मधे वेळच नव्हता. तिथं साक्षी असेल तर त्यानं मला काही सांगितलेलं नाही. माझी श्रद्धा यानं मोडली नाही, पण भुलीवर तो युक्तिवाद जसाच्या तसा लावू नये असं मला वाटतं.

मग रात्री दोन वाजताचा विचार शमला कशानं? आमच्याकडून सिद्धटेक जवळ आहे. तिथली कथा आम्हाला पाठ असते: मधु आणि कैटभ विष्णूला आवरेनात, तेव्हा त्यानं त्या टेकडीवर गणपतीची आराधना केली आणि त्याला सिद्धी मिळाली. पण कथेचा आधीचा भाग देवीमाहात्म्यात आहे. हे दैत्य उपजले तेव्हा विष्णू योगनिद्रेत होता. त्याला स्वतःहून जाग आली नाही. ब्रह्मदेव जागा होता. त्यानं निद्रादेवीची स्तुती केली, तिनं विष्णूला सोडलं, मग तो उठला. साऱ्या जगाची राखण करणाऱ्या देवालाही झोपेत दुसऱ्या कुणाच्या जागं असण्याचा आधार लागला. आषाढीला देव झोपतो आणि कार्तिकीला उठतो हे आपण दरवर्षी मानतो, आणि मधले चार महिने जग बुडालं असं कुणाला वाटत नाही. राखण आपल्या एकट्यावर नाही, हे मला त्या डोंगराची प्रदक्षिणा घालताना उमगलं.

म्हणून मी पुण्याला गेले तेव्हा पहिला प्रश्न हा विचारला: मी नसेन तेव्हा जागं कोण असेल? भूलतज्ज्ञ बाई होत्या. त्या म्हणाल्या, "मी. शेवटपर्यंत तुमच्या डोक्याशी. माझं दुसरं कामच नाही." बोटाला लावायचा चिमटा त्यांनी दाखवला, रक्तातला प्राणवायू घटला की यंत्राचा सूर कसा उतरतो ते सांगितलं. तोंड उघडायला लावून घसा पाहिला, हलणारा दात विचारला, घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का ते विचारलं. मिसरी लावता का, हेही विचारलं. तंबाखूचा श्वासावर आणि रक्तदाबावर परिणाम होतो, आणि आपल्याकडच्या बायका ते सांगत नाहीत, असं त्या म्हणाल्या. मी भीते आहे हे सांगितल्यावर त्यांनी ते केसपेपरवर लिहून घेतलं.

आणि नाकाची हौस? ती विरोचनाची का? 1792 च्या युद्धात इंग्रजांकडे बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठी कुणबी टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभरानं पुण्याजवळ एका वीटकऱ्यानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. ही हकिकत चित्रासह ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये छापून आली आणि ती वाचून युरोपातले डॉक्टर ही विद्या शिकू लागले. ईथर आलं 1846 मध्ये. म्हणजे कावसजीनं ते पूर्ण शुद्धीवर सोसलं. नाकावाचून तो वर्षभर जगलाच होता, पण त्याला आपला चेहरा परत हवा होता. त्याला देहात गुंतलेला म्हणायची माझी तरी हिंमत नाही. विरोचनाचा दोष सजण्यात नव्हता, तिथंच थांबण्यात होता.

तुमच्या घरात कुणी अशा शस्त्रक्रियेला निघाली असेल, तर तिला श्रद्धेचे धडे देऊ नका. दोन दिवस आधी भूलतज्ज्ञांची भेट मागून घ्या, तिच्याबरोबर जा, आणि दमा, मिसरी, हलणारा दात, आधीची शस्त्रक्रिया आणि तिची भीती हे सगळं तिला स्वतःच्या तोंडानं सांगू द्या.