माणसं का गेली?

देवळात मूर्तीची प्राणप्रतिष्ठा होते. सिनेगॉगचं, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचं, तसं नाही. तिथे परंपरेनं दहा प्रौढ पुरुष जमले की सामुदायिक प्रार्थना होते. वास्तूचा मान त्यानंतरचा. ज्यू धर्मशास्त्रात सिनेगॉग विकण्याचेसुद्धा नियम आहेत. त्यामुळे जुन्या सिनेगॉगचं संग्रहालय केलं की पावित्र्य भंगलं, हा आक्षेप मला पटत नाही. खटकतं ते वेगळंच: ती दहा माणसं कुठे गेली, याबद्दलचं मौन.

अ‍ॅमस्टरडॅमचं ज्यू संग्रहालय शेजारी-शेजारी असलेल्या चार जुन्या सिनेगॉगमध्ये आहे. त्यातलं थोरलं 1671चं. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी शहरातले बहुसंख्य ज्यू मारले. युद्धानंतर एवढ्या वास्तू भरायला माणसंच उरली नाहीत. 1955मध्ये त्या नगरपालिकेला विकल्या गेल्या आणि 1987मध्ये तिथे संग्रहालय आलं. जवळच 1675चं पोर्तुगीज सिनेगॉग उभं आहे. तिथे आजही मेणबत्त्यांच्या उजेडात प्रार्थना होते. संग्रहालयातली शांतता नैसर्गिक नाही, हे या शेजारामुळे कुणी न सांगताही कळतं.

केरळातल्या परवूरचं सिनेगॉगही आता संग्रहालय आहे. पडिप्पुरा म्हणजे प्रवेशद्वाराची वास्तू, लांब झाकलेली वाट, मग प्रार्थनागृह. वरच्या सज्जात तोरा या धर्मग्रंथाच्या वाचनासाठी दुसरा मंच, हे खास केरळी वैशिष्ट्य. पण इथून कुणी कुणाला हाकललं नव्हतं. इस्रायल स्थापन झाल्यावर, मुख्यतः 1950च्या दशकात, इथले ज्यू आपण होऊन तिकडे गेले. तोरा ठेवायचं मूळ कोरीव कपाटही जेरुसलेमच्या संग्रहालयात पोचलं. परवूरला आहे ती प्रतिकृती.

दोन्हीकडे जुनं सिनेगॉग, दोन्हीकडे आता संग्रहालय. एकीकडे समाज मारला गेला, दुसरीकडे त्यानं बिऱ्हाड हलवलं. दोन्हींना ‘लुप्त समाज’ म्हणणं म्हणजे खुन्याला सोडून देणं आणि हयात माणसांना मृत ठरवणं. केरळी ज्यू इस्रायलच्या नेवातिममध्ये नांदताहेत; आपल्या कोकणातले बेने इस्रायल ज्यूही तिकडे आहेत, घरात मराठी बोलणारे अजून सापडतात.

त्यांची अलिबाग, रेवदंडा, पेण इथली सिनेगॉगं अजून उभी आहेत. उद्या त्यातल्या एखाद्याचं संग्रहालय करायचं ठरलंच, तर रंगरंगोटी नंतर करा. आधी इथे राहिलेल्यांना आणि तिकडे गेलेल्यांना विचारा, आणि ते जे सांगतील ते त्यांच्याच मराठीत भिंतीवर लिहा.