साहेब आणि बंदगी

छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील रिसाली ही भिलाई पोलाद कारखान्याच्या आधाराने वाढलेली वस्ती असून, कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाल्यानंतर देशभरातून, महाराष्ट्रातूनही, आलेल्या कुटुंबांच्या तोंडी अधिकाऱ्यासाठी एकच शब्द रुळला, तो म्हणजे ‘साहब’. ज्याच्या टेबलासमोर रजेचा किंवा क्वार्टरचा अर्ज घेऊन उभे राहायचे तो साहब, आणि ज्याच्या सहीवाचून त्याचेही अडते तो बडे साहब. मात्र याच छत्तीसगडात दोन कबीरपंथी, म्हणजे संत कबीरांचे अनुयायी, भेटतात तेव्हा ‘साहेब बंदगी’ म्हणतात. तेथे साहेब म्हणजे परमेश्वर आणि बंदगी म्हणजे सेवकाने धन्याला केलेले वंदन. एकच संबोधन देवाला आणि अधिकाऱ्याला कसे चालते, हा प्रश्न भाषेपेक्षा धर्मविचाराचा अधिक आहे.

मराठीत हा प्रश्न संत एकनाथांनी सोळाव्या शतकातच हाताळला. त्यांचे ‘अर्जदस्त’ हे भारूड, म्हणजे लोकसोंगाच्या रूपाने परमार्थ सांगणारी रचना, हुबेहूब सरकारी अर्जाच्या फारसी वळणाचे आहे: शरीर हा परगणा, जीव त्याचा शेकदार म्हणजे वसुली अधिकारी, बुद्धी कारकून, क्रोध नाईकवाडी, आणि अर्ज ज्याच्या सेवेशी करायचा तो साहेब साक्षात परमेश्वर. या मांडणीत अधिकारी मोठा होत नाही. उलट परगण्याचा सारा अंमलदारवर्ग माणसाच्या विकारांच्या पंक्तीला जाऊन बसतो, आणि नाथांचा खोडकरपणा तो हाच. शिवाय हा अर्ज दप्तरात पडून राहत नाही, कारण नाथांनी ‘अभयपत्र’ही लिहिले आहे, म्हणजे धन्याने शरणागताला दिलेले आश्वासन.

अधिकाऱ्याच्या ‘साहब’ला असे उत्तर नसते. कबीरपंथीयाने केलेली बंदगी समोरचाही तितक्याच नम्रतेने परत करतो, वारीत एक वारकरी दुसऱ्याला माउली म्हणून पाया पडतो तेव्हा तोही लगेच त्याच्या पाया पडतो. कचेरीत मात्र संबोधन खालून वर जाते आणि तेथेच थांबते. अर्थात कबीरपंथही या एकतर्फीपणातून पूर्ण सुटलेला नाही. छत्तीसगडातीलच दामाखेडा येथील, कबीरशिष्य धर्मदासांच्या परंपरेतील वंशगुरूंच्या नावापुढे ‘नाम साहेब’ लागते, आणि हे संबोधन गादीबरोबर पुढच्या वारसाकडे जाते.