बंधन आणि शेजारधर्म

साथीच्या काळीं सरकार जीं बंधनें घालतें तीं मनुष्यानें कोणत्या बुद्धीनें पाळावीं, हा प्रश्न आमच्या खेड्यांतून अद्यापि विचारला जातो. कोविडची ती मोठी साथ ओसरली. तोंडावर मुखपट्टी बांधण्याची सक्ती महाराष्ट्रांत २ एप्रिल २०२२ पासून उठली. तरी वाद मिटलेला नाहीं. कोणी म्हणतो, तें सारें गरिबास छळण्याचें निमित्त होतें. कोणी म्हणतो, हुकूम तो हुकूम, त्यापुढें विचार कसला? आमच्या मतें हीं दोन्ही उत्तरें अपुरीं आहेत. आणि पुन्हा तसा प्रसंग येण्यापूर्वीं या गोष्टीचा शांतपणें विचार करून ठेवणें हिताचें आहे.

आपल्याच जिल्ह्यांतील उदाहरण घेऊं. साथीची दुसरी लाट २०२१ सालच्या उन्हाळ्यांत आली. १४ एप्रिलच्या रात्रीं ८ वाजल्यापासून राज्यभर कडक निर्बंध लागू झाले, आणि मुखपट्टी न बांधणाऱ्यास ५०० रुपये दंड होता. पुढें इतर जिल्ह्यांतून लाट ओसरली, परंतु तेव्हांच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत ती रेंगाळली. म्हणून ज्या ६१ गांवांत दहाच्या वर रुग्ण होते तेथें ४ ऑक्टोबरपासून १३ ऑक्टोबरपर्यंत टाळेबंदी करण्यांत आली. संगमनेर तालुक्यांतील गांवें त्यांत सर्वांत अधिक होतीं. आतां पाहा, त्याच ४ ऑक्टोबरला राज्याच्या ग्रामीण भागांत पांचवीपासूनच्या शाळा सुरू होणार होत्या, आणि ७ ऑक्टोबरला देवळें, मशिदी व ख्रिस्ती प्रार्थनामंदिरें उघडणार होतीं. शेजारच्या गांवचें मूल दप्तर घेऊन निघालें, तेव्हां या गांवचें मूल उंबऱ्यावर बसून राहिलें. त्याच्या बापानें विचारलें असेल, "आमच्या घरीं कोणी आजारी नाहीं, मग आमचा अपराध काय?"

हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. त्याचें उत्तर रोगाच्या स्वभावांत आहे. हा रोग ज्यास जडतो तो लक्षण दिसण्याच्या एक-दोन दिवस आधींपासूनच तो दुसऱ्यास देऊं शकतो. कित्येकांस तर लक्षण दिसतच नाहीं. श्वासाबरोबर, बोलण्याबरोबर, खोकल्याबरोबर जे सूक्ष्म कण बाहेर पडतात त्यांतून तो पसरतो. म्हणून टाळेबंदी ही शिक्षा नव्हे, आणि तींत कोणाच्या अपराधाचा प्रश्नच नाहीं. मुखपट्टीचेंही तसेंच आहे. ती बांधणाऱ्याचें रक्षण करिते खरें, परंतु समोरच्याचेंही करिते. आपल्या शेतांतील पाचट पेटविण्यास कोणी सहसा विचारीत नाहीं; परंतु वारा शेजाऱ्याच्या कडब्याच्या गंजीकडे वाहत असतां जो काडी ओढतो, त्यास "शेत माझें आहे" असें म्हणून सुटतां येईल काय? शरीर माझें आहे, हें खरें. पण तोंडावाटे बाहेर पडलेला श्वास माझा राहत नाहीं.

तथापि नुसत्या भयानें पाळलेलें बंधन फार काळ टिकत नाहीं. चौकांत पोलीस दिसतांच हनुवटीवरची पट्टी नाकावर चढे, आणि पोलीस दिसेनासा झाला कीं ती पुन्हा खालीं उतरे, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. असा मनुष्य दंडास भितो. शेजाऱ्याचा विचार त्याच्या मनांत नसतो. आणि घरीं खाटेवर म्हातारी आई असते, तेथें तर पोलीस नसतोच. शिवाय या कामांत मोठी अडचण ही कीं, फळ डोळ्यांस दिसत नाहीं. ज्याचा जीव वांचला त्यास आपणांस कोणीं वांचविलें हें कळत नाहीं, आणि वांचविणाऱ्यासही तें कळत नाहीं. आभार मिळण्याची आशा नसतां जें करावें लागतें, त्यावरूनच मनुष्याची परीक्षा होते.

केवळ बळजबरीनें काय होतें, हें आपल्या प्रांतानें पूर्वींही पाहिलें आहे. १८९७ सालीं प्लेगसाठीं साथरोगांचा कायदा झाला. त्याच कायद्याचा आधार महाराष्ट्र सरकारनें मार्च २०२० मध्यें घेतला. त्या वेळीं पुण्यांत गोरे शिपाई घरें तपासण्यास पाठविले गेले. ते स्वयंपाकघरांत व देवघरांत शिरले. रोग्यांस घरांतून हलविण्यांत आलें. आणि लोक भयानें आपले आजारी लपवूं लागले. रोग हटविण्याचा उपाय रोग लपविण्यास कारण झाला. परंतु त्याच सालीं पुण्यांत दुसरेंही एक उदाहरण घडलें. सावित्रीबाई फुले, ज्यांनीं अहमदनगरास मिस फेरार यांच्याकडे शिक्षिकेचें शिक्षण घेतलें होतें, त्या आपला पुत्र डॉ. यशवंत याच्यासह प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या, आणि १० मार्च १८९७ रोजीं त्याच रोगानें मरण पावल्या. शिपायास पाहून लोक आपला रोगी लपवीत. अशा माणसापाशीं तो स्वतः आणून सोंपवीत.

आतां सर्वांत कठीण गोष्टीकडे येऊं. बंधन सर्वांस एक असलें तरी त्याचें ओझें सर्वांस सारखें नसतें. ज्यास महिन्याच्या एक तारखेस पगार मिळतो त्याला दहा दिवसांची टाळेबंदी म्हणजे विश्रांति. ज्याचें पोट हातावर आहे, ज्याचा भाजीपाला तोडणीस आला आहे आणि आठवड्याचा बाजार बंद आहे, त्याला तेच दहा दिवस म्हणजे कर्ज. घरांत चार खोल्या असतील तर आजाऱ्यास वेगळें ठेवितां येतें. एकाच खोलीच्या झोपडींत कोणास कोठें ठेवावें? एप्रिल २०२१ मध्यें सरकारनें नोंदणीकृत बांधकाम मजूर, घरेलू कामगार, फेरीवाले व परवानाधारक रिक्षाचालक यांस प्रत्येकीं १,५०० रुपये जाहीर केले. मदत योग्यच होती. पण ज्याचें नांव कोणत्याही नोंदवहींत नव्हतें त्याच्या हातांत ही रोकड पडली नाहीं. असा मजूर बाहेर पडला तर त्यास अविचारी म्हणणें सोपें आहे. परंतु भरल्या पोटीं बंधन पाळणाऱ्यानें उपाशी माणसास त्याच बंधनाचा उपदेश करावा, हा न्याय नव्हे.

म्हणून आमचें म्हणणें असें आहे. टाळेबंदीचा लाभ साऱ्या गांवास होतो, आणि तोटा मात्र कांहीं घरांवर पडतो. ज्यानें लाभ घेतला तो तोटा सोसणाऱ्याचा ऋणी आहे. बंधन पाळणें हें अर्धें कर्तव्य झालें; ज्याला तें पाळणें जड जातें त्याचा भार उचलणें हें दुसरें अर्धें. पहिलें अर्धें कायद्यानें करवून घेतां येतें. दुसरें करवून घेण्यास कोणताही पोलीस समर्थ नाहीं.

हें अशक्य नाहीं. याच जिल्ह्यांतील हिवरे बाजार गांवानें दुसऱ्या लाटेंत, पोपटराव पवार यांच्या पुढारपणाखालीं, गांवकऱ्यांचीं पथकें नेमलीं. तीं घरोघर जाऊन विचारपूस करीत; ज्यास लक्षण दिसे त्याची लवकर तपासणी करून त्यास वेगळें ठेवीत. मे २०२१ मध्यें तें गांव कोरोनामुक्त झालें. तेथें दारावर येणारा मनुष्य ओळखीचा होता, म्हणून दार उघडलें गेलें.

तर उपदेशकांनीं, शिक्षकांनीं व पंचांनीं आजच इतकें करून ठेवावें. आपल्या गांवांत रोजच्या मजुरीवर चूल पेटते अशीं घरें कोणतीं, एकटे वृद्ध कोण, एका खोलींत सहा माणसें कोठें राहतात, हें जाणून घ्यावें. चार पायल्या धान्य वेगळें काढावें, आणि आजाऱ्यासाठीं शाळेची किंवा देवळाची एखादी खोली नेमून ठेवावी. मग पुन्हा साथ आली आणि पुन्हा हुकूम सुटला, तर "घरीं बसा" असें सांगावयास जाणाऱ्याच्या हातीं भाकरीही असेल. आणि त्याचा शब्द ऐकला जाईल.