वस्तादाचे ऋण

व्यायामाचे महत्त्व न पटलेला मनुष्य विरळा. आरंभिलेला व्यायाम वर्षभर टिकविणारा त्याहून विरळा. हे अंतर केवळ निश्चयाने तुटते काय? आणि दुसऱ्याच्या आधाराने जडलेली सवय आपली म्हणावी काय?

महमूद गावानाने १४७२ साली बीदरला मदरसा उभारला. त्या विद्यापरंपरेत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. मराठीत तोच शब्द आखाड्यास लागला आणि ‘उस्ताद’चा ‘वस्ताद’ झाला. शरीरासही शिकवावे लागते, हे भाषेने केव्हाच मान्य केले आहे.

खाशाबा जाधवांस कुस्तीचे पहिले धडे वडिलांनी दिले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळविले. त्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले होते. मेहनत मात्र खाशाबांचीच. पाठीराख्यांमुळे पदकाचे मोल उणावले नाही.

धाकाने काढलेले जोर धाक सरताच सुटतात. चुकलेल्या दिवसाबद्दल न हिणवता दुसऱ्या पहाटे पुन्हा बोलावणारा वस्तादच सवय रुजवितो. तो परगावी असता शिष्य आपण होऊन आखाड्यात उतरला, की सवय शिष्याची झाली. वस्तादाकडे उरते ते केवळ ऋण.

आपल्या घरांतून गुडघे धरून बसलेल्या वडीलधाऱ्यांस ‘रोज चालत जा’ हा उपदेश पुष्कळ मिळतो. पायांत चपला सरकवून त्यांच्यासोबत निघणारे किती?